खान्देशातील विज्ञानवर्ग आणि संशोधकाची वही

विज्ञान शिकताना मुलाच्या डोक्यात काय घडते, काही मुलांच्या बाबतीत ते का घडत नाही आणि त्यात शाळेचा, भाषेचा, जातीचा व मुलगी असण्याचा वाटा किती, याचा पद्धतशीर शोध घेणे हे विज्ञानशिक्षण-संशोधकाचे काम. त्याची प्रयोगशाळा म्हणजे दुसऱ्याचा वर्ग. उपकरणे म्हणावीत तर एक वही, एक ध्वनिमुद्रक आणि मागच्या बाकावर तासन्‌तास गप्प बसण्याची सवय. भारतात या कामाला स्वतंत्र अभ्यासक्षेत्राचे रूप येऊन जेमतेम अर्धशतक झाले, आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात खान्देशातले एक गाव येते: रावेर तालुक्यातील खिरोदा.

पार्श्वभूमी कोठारी आयोगाची आहे. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या या आयोगाने पहिली दहा वर्षे विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचे करावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्रात दहा वर्षांच्या नव्या आकृतिबंधाची पहिली शालान्त परीक्षा 1975 साली झाली. तोवर विज्ञान नको असलेल्या विद्यार्थ्याला बाजूने निघून जायला वाट असे. ती बंद झाली आणि ज्या शाळेत परीक्षानळीसुद्धा नव्हती, तिथल्या मुलांनाही शहरातल्या मुलांच्याच प्रश्नपत्रिकेला सामोरे जावे लागले. सक्ती समान झाली, पण साधने होती तशीच विषम राहिली.

नेमक्या याच सुमारास, 1974 मध्ये, टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. मानखुर्दची आजची वास्तू पुष्कळ नंतरची. केंद्राची पहिली वर्षे मुंबईत नाना चौकातल्या महापालिका शाळेच्या इमारतीत गेली. संस्थापक-संचालक वि. गो. कुलकर्णी हे पदार्थविज्ञानाचे संशोधक. वर्गात जे दिसते ते मोजायचे, मोजता येईल असा बदल करायचा आणि पुन्हा मोजायचे, ही प्रयोगशाळेतली शिस्त त्यांनी शिक्षणाच्या प्रश्नाला लावली. ग्रामीण शाळांसाठी केंद्राने निवडलेला परिसर खिरोद्याचा होता.

गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या पट्ट्यात. काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन 1936 साली ज्या फैजपूरला भरले, ते इथून जवळच. त्या अधिवेशनाच्या उभारणीत पुढे असलेले धनाजी नाना चौधरी खिरोद्याचे, आणि पुढे राज्याचे शिक्षणमंत्री झालेले मधुकरराव चौधरी त्यांचेच चिरंजीव. जनता शिक्षण मंडळामुळे गावात शाळा आणि शिक्षक-प्रशिक्षणाची परंपरा आधीपासून होती. मुंबईच्या शास्त्रज्ञांना इथे पाय ठेवायला जागा मिळाली ती या परंपरेमुळे. संशोधनाच्या अहवालात असा तपशील क्वचितच लिहिला जातो; प्रत्यक्षात गावात ओळखीची संस्था नसेल तर बाहेरच्या माणसाला वर्गाचे दारही उघडत नाही.

खिरोदा परिसरातल्या कामाचा गाभा साधा होता. आहे त्या शाळा, आहेत ते शिक्षक आणि आहे ते क्रमिक पुस्तक यांत राहून विज्ञानाचे शिकवणे सुधारता येते का, हे पाहायचे. स्वस्त साहित्याचे प्रयोग आणि शिक्षकांचे प्रशिक्षण ही त्याची अंगे. याच काळात केंद्राच्या संशोधकांचे लक्ष भाषेच्या अडसराकडे वळले. कुलकर्णी आणि वि. ग. गंभीर यांनी शिक्षणाच्या सार्वत्रिकीकरणातील भाषेच्या अडथळ्यावरचा आपला शोधनिबंध 1981 साली ‘इंडियन एज्युकेशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यातला विचार असा: पुस्तकातला आशय तसाच ठेवून फक्त भाषा सोपी केली, तर मुलांची कामगिरी बदलते का? ती बदलली. मुलांचे आकलन सुधारले आणि वर्गातले बोलणेही वाढले. ‘ही मुले विज्ञानात कच्ची’ या निष्कर्षातला काही भाग तरी मुलांचा नसून पुस्तकाच्या मराठीचा होता, हे मोजून दाखवण्याचा हा प्रयत्न होता.

त्यापुढचा धागा थेट सामाजिक न्यायाचा. मुंबई महापालिकेच्या शाळांत शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर केंद्राने काही वर्षे जादा मार्गदर्शनाचा प्रकल्प चालवला. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांचे त्यावरील पुस्तक 1985 चे आहे. वंचित मुलांमधली बुद्धिमत्ता शोधणे आणि जोपासणे, असा त्याचा विषय. ‘गुणवत्ता की आरक्षण’ ही चर्चा वर्तमानपत्रांत चालू होती त्या काळात या मंडळींनी विचारलेला प्रश्न अधिक उपयोगी होता: गुण ज्या गोष्टींवर अवलंबून असतात, त्यांपैकी कोणत्या शाळेला बदलता येतात?

सातपुडा ओलांडून नर्मदेच्या काठी गेले की दुसरा मोठा प्रयोग दिसतो. ‘होशंगाबाद विज्ञान’ हा शालेय कार्यक्रम 1972 साली 16 शाळांत सुरू झाला, 1978 मध्ये जिल्हाभर पसरला आणि 2002 मध्ये मध्य प्रदेश शासनाने तो बंद केला. भुसावळहून इटारसीकडे जाणारी गाडी ज्या मुलखातून जाते, तिथल्या खेड्यांतली मुले तीस वर्षे भिंग, चिमटा आणि बियाणे हाताळून विज्ञान शिकत होती. खान्देशातल्या संशोधकाला या दोन्ही कामांची ओळख असावीच लागते. एकातून मोजमापाची शिस्त मिळते. दुसऱ्यातून हे कळते, की चांगला चाललेला कार्यक्रमसुद्धा एका शासकीय निर्णयाने थांबू शकतो.

या अभ्यासासाठी जळगाव आणि धुळे हे जिल्हे सोयीचे आहेत आणि अडचणीचेही. 2011 च्या जनगणनेनुसार धुळे जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे 32 टक्के आहे आणि जळगावात सुमारे 14 टक्के. 1998 मध्ये धुळ्यातून वेगळा झालेल्या नंदुरबारमध्ये ते 69 टक्क्यांच्या घरात जाते. अमळनेर-पारोळा-धुळे पट्ट्यात घरची भाषा अहिराणी. यावल-रावेर-भुसावळकडे लेवा गणबोली. चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूरच्या उत्तरेला पावरा आणि भिल्ल पाड्यांवर पावरी-भिली, साक्रीच्या पश्चिमेला कोकणी, चाळीसगाव-जामनेरच्या तांड्यांवर गोरमाटी, शहरांतल्या मोठ्या वस्त्यांत उर्दू. क्रमिक पुस्तक मात्र मराठी शाळांत सगळीकडे एकच. एसटीने दीड-दोन तासांत तीन भाषिक प्रदेश ओलांडता येतात, म्हणून हा मुलूख तुलनेला चांगला. आणि त्या तिन्ही भाषा येणारा संशोधक मिळत नाही, म्हणून अवघडही.

कामाची सुरुवात प्रश्न लहान करण्यापासून होते. ‘आदिवासी मुलांची विज्ञानातील संपादणूक’ असा विषय घेऊन आलेल्या उमेदवाराला चांगला मार्गदर्शक परत पाठवतो. संपादणुकीतली दरी राष्ट्रीय सर्वेक्षणे दाखवतातच. ती कशी तयार होते हे त्यांतून कळत नाही. म्हणून प्रश्न एका इयत्तेपुरता, एका संकल्पनेपुरता आणि एका कृतीपुरता आणावा लागतो. उदाहरणार्थ, सहावीतली मुले बाष्पीभवनाबद्दल काय समजतात आणि ते कोणत्या भाषेत सांगू शकतात? मुलांच्या बाष्पीभवनविषयक कल्पनांवर जगभर बरेच काम झाले आहे. पाणी नाहीसे होते, बशीत जिरते, थेट ढगात जाते, अशी उत्तरे निरनिराळ्या देशांत पुन्हा पुन्हा मिळाली आहेत. त्यामुळे तुलनेला आधार असतो. शिवाय मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असणाऱ्या, घरोघरी कूलर आणि माठ असणाऱ्या जिल्ह्यात हा विषय मुलांना परका नाही.

मग परवानग्या. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी शिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र, शासकीय आश्रमशाळेसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांचे. जळगाव जिल्ह्यासाठी हे कार्यालय यावलला आहे, धुळे जिल्ह्यासाठी धुळ्यात. पत्र मिळाले तरी मुख्याध्यापकांना पहिली शंका येते ती हीच, की ही तपासणी तर नव्हे? अधिकाऱ्याचे पत्र घेऊन येणारा माणूस सहसा दोष शोधायलाच येतो, हा शाळांचा अनुभव आहे. पहिले काही दिवस शिक्षक नेहमीपेक्षा चांगले शिकवतात, मुले नेहमीपेक्षा शहाण्यासारखी वागतात आणि त्या दिवसांच्या नोंदी जवळजवळ निरुपयोगी असतात. हे दिवस सरेपर्यंत थांबण्याखेरीज उपाय नाही.

पालकांच्या संमतीचा भाग याहून नाजूक. विद्यापीठाच्या नैतिकता समितीला सहीचा कागद हवा असतो. धुळे-नंदुरबारच्या कित्येक पाड्यांवरची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला गेलेली असतात. आश्रमशाळेत मग अधीक्षक किंवा अधीक्षिकाच पालकाच्या जागी सही करतात. कागद पुरा होतो. मूल मात्र त्या अधीक्षकांच्याच ताब्यात राहते आणि त्यांना नाही म्हणू शकत नाही. म्हणून मुलाची स्वतःची तोंडी संमती वेगळी घेण्याची आणि मध्येच उठून जाण्याची मोकळीक देण्याची पद्धत आहे. मुले ती क्वचितच वापरतात. जे वापरतात त्यांची नोंद टाकून द्यावी लागते, मग ती कितीही मोलाची असो.

गावात पोचल्यावर संशोधकाचीही चौकशी होते, आणि ती आडनावापासून सुरू होते. कोण कुठल्या वस्तीत बसेल, कुणाकडे पाणी पिईल, कोणते पालक मोकळे बोलतील, हे त्या आडनावावर थोडेफार ठरते. या प्रदेशात क्षेत्रपाहणीच्या या बाजूची एक नोंद फार जुनी आहे. मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी वर्गांच्या शैक्षणिक, आर्थिक व सामाजिक स्थितीच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून 1929 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर खान्देशच्या दोन्ही जिल्ह्यांत फिरले. परतताना धुळे मार्गावरच्या एका गावातल्या सामाजिक बहिष्काराची माहिती घेण्यासाठी ते चाळीसगावला उतरले. तिथे टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. वस्तीतल्याच, टांगा हाकण्याची सवय नसलेल्या माणसाने लगाम हाती घेतला, पुलावर अपघात झाला आणि आंबेडकरांच्या पायाचे हाड मोडले. चौकशी करणाऱ्याला जातीचा अनुभव चौकशीच्या वाटेवरच आला. आजच्या शोधप्रबंधांत संशोधकाच्या सामाजिक स्थानावर एक प्रकरण लिहिण्याची रीत आहे. बहुतेक वेळा ती दोन पानांत उरकली जाते. चाळीसगावचा प्रसंग माहीत असणाऱ्याने ती तशी उरकू नये.

वर्गनिरीक्षणाची वही तीन भागांत असते. डावीकडे वेळ, मधे जे घडले ते, उजवीकडे निरीक्षकाला वाटले ते. मधला आणि उजवा रकाना मिसळला की वही बिघडली. ‘मुलगी लाजली’ हे उजवीकडे लिहायचे, ‘मुलीने मान खाली घातली, उत्तर दिले नाही’ हे मधे. पहिल्या दिवशी बैठकीचा नकाशा काढतात: कोण पुढे, कोण खिडकीशी, कोण दाराजवळ. मग प्रत्येक तासाला शिक्षकाने कुणाला प्रश्न विचारला, किती वेळ थांबून, याच्या खुणा त्या नकाशावर पडत जातात. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि ही वेळ तीन सेकंदांवर नेली तर उत्तरे लांबतात व एरवी गप्प असणारी मुले बोलू लागतात. घरी पावरी बोलणाऱ्या मुलाला प्रश्न मराठीतून ऐकायचा, उत्तर जुळवायचे आणि ते पुन्हा मराठीत आणायचे असते. त्याला एक सेकंद पुरत नाही, तोवर पुढच्या बाकावरचा हात वर आलेला असतो. सेकंद मोजण्याचे हे काम कंटाळवाणे आहे. पण वर्गातला भेदभाव कुणाच्याही हेतूवर बोट न ठेवता दाखवता येतो तो इथेच.

प्रयोगाच्या तासाला पाहायचे असते ते हातांकडे. दहावीला विज्ञानाच्या शंभर गुणांपैकी वीस प्रात्यक्षिकांचे असतात, म्हणून नववी-दहावीत निदान नावापुरते तरी प्रयोग होतात. पाच-सहा मुलांच्या गटात स्पिरिटचा दिवा एकच. तो कोण पेटवतो, परीक्षानळी कोण धरतो, तापमापी कोण वाचतो, टेबल कोण पुसतो आणि वहीत सुवाच्य अक्षरात कोण लिहितो, याचा तक्ता करायचा. मुलामुलींच्या मिश्र गटात लिहिण्याचे आणि पुसण्याचे काम कुणाकडे जाते, हे सांगायला संशोधनाची गरज नाही, असे शिक्षकांना वाटते. तक्ता समोर ठेवला की तेच शिक्षक चकित होतात. याच प्रश्नाची दुसरी बाजू मुलांच्या मनातल्या शास्त्रज्ञाच्या चित्रात दिसते. डेव्हिड चेंबर्स यांनी 1983 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 4,807 मुलांना शास्त्रज्ञाचे चित्र काढायला सांगितले होते; फक्त 28 चित्रांत स्त्री होती आणि ती सगळी मुलींनी काढलेली होती. आपल्याकडे होमी भाभा केंद्रातल्या सुग्रा चुनावाला आणि सविता लडगे यांनी विद्यार्थ्यांच्या शास्त्रज्ञविषयक कल्पना तपासल्या.

मुलाखत हा या कामाचा सगळ्यांत श्रीमंत भाग. पद्धत मुळात मानसशास्त्रज्ञ पियाजे यांची: मुलासमोर वस्तू ठेवायची, काय होईल ते विचारायचे, करून पाहायचे आणि ‘का’ म्हणून विचारत राहायचे, पण बरोबर-चूक सांगायचे नाही. बाष्पीभवनासाठी साहित्य फुकटचे आहे. ओल्या फडक्याने पुसलेली पाटी, उन्हात ठेवलेली पाण्याची बशी, एकाच कापडाचे दोन तुकडे: एक पसरलेला, एक घडी घातलेला. आधी कोणता वाळेल? जुलैत की मे महिन्यात? वाऱ्यावर की बंद खोलीत? घरचे कपडे वाळत घालणाऱ्या मुलीला ही उत्तरे तोंडपाठ असतात. खरा प्रश्न त्यानंतरचा: पाणी गेले कुठे?

इथे दोन तऱ्हेची उत्तरे येतात. एखादे मूल ताठ उभे राहून सांगते, ‘पाण्याचे बाष्पीभवन होते.’ पुस्तकातले वाक्य, परीक्षेत पूर्ण गुण. त्यालाच ‘म्हणजे ते पाणी आता कुठे आहे?’ असे विचारले की ते गप्प होते, किंवा पाणी संपले म्हणते. दुसरे मूल आधी बोलतच नाही. मग अहिराणीत विचारल्यावर म्हणते, ‘पानी उडी गयं, हवामा मिळी गयं.’ पाणी हवेत मिसळले, आणि ढगाळ दिवसांत हवा आधीच ओली असल्याने कपडे वाळत नाहीत, इथपर्यंत ते स्वतःहून येऊ शकते. परीक्षेच्या कागदावर मात्र हे मूल काहीच लिहीत नाही. म्हणून मुलाखतीचा आराखडा तिहेरी करावा लागतो: तोच प्रश्न प्रमाण मराठीत लेखी, घरच्या बोलीत तोंडी आणि वस्तू हाताळून कृतीतून. तिन्ही उत्तरे एकत्र ठेवल्याशिवाय मुलाच्या समजुतीबद्दल एक वाक्यही लिहिण्याचा अधिकार संशोधकाला मिळत नाही.

बोलीतला प्रश्न तयार करणे हे स्वतंत्र काम आहे. मराठी प्रश्नाचा शब्दशः पावरी अनुवाद केला तर तो मुलांना पुस्तकाइतकाच परका वाटतो. त्यासाठी पाड्यावरच्या एखाद्या शिकलेल्या तरुणाला किंवा अंगणवाडीच्या ताईंना सोबत घेऊन, मुले ही गोष्ट आपसांत कशी बोलतात ते ऐकून प्रश्न बेतावा लागतो. मग तो दुसऱ्या माणसाकडून परत मराठीत करून घेतात आणि मूळ प्रश्नाशी ताडून पाहतात. दुभाषाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते: मुलाचे उत्तर सुधारून सांगू नका. आपल्या गावचे मूल चुकू नये, ही त्याची इच्छा स्वाभाविक असते आणि नोंदीच्या मुळावर येते.

ध्वनिमुद्रणाचे लेखन करायला तासाभराच्या बोलण्यामागे चार ते सहा तास लागतात. बोली असेल आणि शेजारच्या वर्गात पाढे चालू असतील तर त्याहून अधिक. थांबणे, अडखळणे, हसणे, ‘माहीत नाही’ म्हणण्यापूर्वीची शांतता, सगळे टिपायचे. पुढचा टप्पा वर्गीकरणाचा. उत्तरांचे प्रकार ठरवून प्रत्येक उत्तराला खूण दिली जाते. दोन जण एकमेकांना न विचारता हे करतात आणि त्यांच्यात किती एकमत आहे ते जेकब कोहेन यांच्या कप्पा या मापाने काढतात. एकमत कमी आले तर दोष मुलांच्या उत्तरांत नसतो, प्रकारांच्या व्याख्येत असतो. त्या दुरुस्त करून सगळे पहिल्यापासून.

शेवटी सगळी मुले चार गटांत पडतात. पुस्तकी शब्दही बरोबर आणि समजही बरोबर, शब्द बरोबर पण समज नाही, समज आहे पण शब्द नाहीत, दोन्ही नाही. परीक्षेला दोनच गट दिसतात, कारण ती शब्द मोजते. ती दुसऱ्या गटाला पास करते आणि तिसऱ्याला नापास. या दोन गटांत कोणत्या घरची, कोणत्या भाषेची, कोणत्या शाळेची मुले किती आहेत, हा तक्ता म्हणजे विज्ञानशिक्षण आणि सामाजिक न्याय यांच्यातला सांधा. त्याशिवाय ‘न्याय’ हा शब्द प्रबंधाच्या प्रस्तावनेपुरता राहतो. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी अरविंद कुमार यांच्या अध्यक्षतेखाली विज्ञानाच्या अध्यापनावर तयार झालेल्या निवेदनात, देशातले विज्ञानशिक्षण घटनेतल्या समतेच्या ध्येयापासून अजून फार दूर असल्याचे नमूद होते. ते अंतर एका वर्गात किती, हे असा तक्ता सांगतो.

इथे एक धोका आहे आणि अलीकडे तो वाढला आहे. मुलांच्या घरात ज्ञानाचा साठा असतो आणि शाळेने त्याचा उपयोग करावा, ही कल्पना लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांच्या अभ्यासातून मांडली. खान्देशात तिला आधार भरपूर. ठिबकच्या नळीतून पाणी कुठे कमी दाबाने येते, केळीचा घड कोणत्या अवस्थेत कापायचा, वखारीत फळ का पिकते, दादर ज्वारीला ओल किती लागते, हे शेतमजुराच्या मुलाला माहीत असते. पण माहीत असणे आणि त्यामागचे कारण कळणे यांत अंतर आहे. घरच्या ज्ञानाचे कौतुक करून मुलाला तिथेच ठेवणे हाही अन्यायच, आणि तो अधिक सभ्य दिसतो. केळी पिकण्यामागे इथिलीन वायू असतो आणि तो एका पिकल्या फळातून निघून शेजारच्या फळावर काम करतो, हे त्या मुलाला कळले पाहिजे. ते त्याला त्याच्या वखारीच्या ओळखीतून लवकर कळेल, इतकाच घरच्या ज्ञानाचा दावा. शिवाय केळी उचलण्याच्या दिवसांत त्याच मुलाची हजेरी पडते, हेही वहीत लिहिलेले असते.

हे काम करणाऱ्याची नोकरी हा वेगळा विषय. सर्वसाधारण वाट अशी: पदार्थविज्ञान किंवा रसायनशास्त्रात एम.एस्सी., मग बी.एड., एम.एड., नेट किंवा सेट, पीएच.डी.ची प्रवेशपरीक्षा. होमी भाभा केंद्रात विज्ञानशिक्षणात थेट पीएच.डी. करता येते, जागा मोजक्या असतात. खान्देशात राहायचे तर जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात. 1990 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार येतात. 2016 च्या राज्य विद्यापीठ कायद्यानुसार शिक्षणशास्त्र आंतरविद्याशाखीय अभ्यासात मोडते आणि पदार्थविज्ञान विज्ञान व तंत्रज्ञानात. विज्ञान कसे शिकले जाते याचा अभ्यास करणारा माणूस दोन्हींच्या मधे पडतो. विज्ञानवाले त्याला शिक्षणवाला समजतात आणि शिक्षणवाले विज्ञानवाला. पदाच्या जाहिरातीत त्याचा विषय बहुधा नसतो.

बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांमुळे पहिल्या पिढीतल्या अनेक उमेदवारांना पीएच.डी.ची वर्षे निभावता आली. पुढे मात्र बरेच जण तासिका तत्त्वावर, बोलीत सीएचबीवर, वर्षानुवर्षे राहतात. तासाला पैसे मिळतात, परीक्षेच्या आणि सुट्टीच्या महिन्यांत मिळत नाहीत; आणि शाळेत जाऊन बसायला नेमके तेच तास खर्च करावे लागतात. कायम नोकरी मिळाली तर बढतीसाठी शोधनिबंध मोजले जातात. एका आश्रमशाळेत वर्षभर बसून एक निबंध निघतो, तर प्रश्नावली वाटून त्याच काळात चार. प्रश्नावलीच्या प्रबंधांनी ग्रंथालये भरली आहेत, याचे हे एक कारण.

निबंध इंग्रजीत लिहायचा असतो. अहिराणीत मिळालेले उत्तर मराठीतून इंग्रजीत जाते आणि वाटेत पातळ होते. मूळ बोलीतले वाक्य देवनागरीत किंवा रोमन लिपीत जसेच्या तसे छापावे आणि खाली अनुवाद द्यावा, असा आग्रह चांगले संशोधक धरतात. या क्षेत्रातली देशातली मुख्य परिषद ‘एपिस्टेम’. होमी भाभा केंद्राने ती 2004 साली गोव्यात पहिल्यांदा भरवली. तिथे खान्देशचे नाव नकाशा दाखवून सांगावे लागले तरी हरकत नसते. समज असून शब्द नसलेले, तिसऱ्या गटातले मूल ब्राझीलच्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या संशोधकांनाही ओळखीचे असते.

प्रबंध मान्य झाल्यावर त्याची प्रत शोधगंगा या राष्ट्रीय भांडारात जमा होते. ज्या शाळेतून सामग्री घेतली तिथे निष्कर्ष परत नेण्याचे बंधन कोणत्याही नियमात नाही. काही जण ते पाळतात. त्यासाठी केंद्रशाळेत दरमहा भरणारी शिक्षकांची शिक्षण परिषद ही सोयीची जागा. तिथे आलेख दाखवून उपयोग होत नाही. मुलांची उत्तरे नावे काढून फळ्यावर लिहायची आणि कोणती बरोबर मानाल, म्हणून शिक्षकांना विचारायचे. ‘हवामा मिळी गयं’ या उत्तराला गुण द्यावेत की नाही, यावर शिक्षक तासभर भांडू शकतात. शिक्षणहक्क कायदा 2009 चा; त्यातल्या कलम 29 मध्ये शक्यतो मातृभाषेतून शिकवण्याची तरतूद आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह आहे. सहावीपासून पुढे सामान्य विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत बोलीतले वाक्य आले तर काय करायचे, याबद्दल दोन्ही ठिकाणी काही सांगितलेले नाही; तो निर्णय सध्या पेपर तपासणाऱ्या शिक्षकाच्या लाल पेनावर आहे. काही शिक्षक अर्धा गुण देतात.